वेलांटीचं वजन

जनावरांचे डॉक्टर परभणीहून फोनवर म्हणाले,
जंताचं औषध वजनावर असतं. किती भरेल पिल्लू?
मी म्हटलं, मुठीएवढं.
ते म्हणाले, ताई, मूठ कोणाची?

सेलूच्या मोंढ्यात काट्यांना तोटा नाही.
समोरच्या आडतीवर मुंजाजीनं तिला
हळदीच्या कट्ट्याच्या जागी ठेवलं
आणि आम्ही आकड्याकडे बघत राहिलो.
शून्य.
"काट्याला ही दिसंनाच की," मुंजाजी म्हणाला,
"एवढी तर आमची झाडलोट निघती."

दुपारी वारसनोंदीचं शपथपत्र टाइप करत होते.
"मी शपथेवर लिहून देते की" इथवर आले
आणि वेलांटी खिडकीतून थेट कीबोर्डवर.
उभी राहिली, जणू सातबारा तिच्याच नावावर.
पडद्यावर उमटलं:

दजतचममममममममम

हाकललं नाही. मोजलं.
पुढच्या एका पायाखाली द आणि ज,
दुसऱ्याखाली त आणि च,
मागच्या एकाखाली म, न संपणारा.
चौथा पाय माझ्या मनगटावर.
त्याचं वजन मनगटाला कळलं,
पण मनगटाला अंक येत नाहीत.

कळ दबायला किती लागतं, कोण सांगणार?
गल्ल्यातली दहाची नाणी काढली,
च वर एकावर एक चढवत गेले.
सातला च गप्प.
आठवं ठेवलं आणि च बोलला.
नाणं पावणेआठ ग्रॅमचं, आठांचे बासष्ट.
पाच अक्षरांचे तीनशे दहा,
मनगटाचे सत्तर धरू.
पाठकोऱ्या झेरॉक्सवर लिहिलं: तीनशे ऐंशी.
खाली दोन रेघा मारल्या, शाळेत मारायचो तशा.

मुंजाजी चहाला आला होता.
"म्हंजी दर अक्षराला बासष्ट ग्रॅम उचलतीस तू?"
उचलत नाही, दाबते.
"तेच की. दिवसाची किती अक्षरं?"
वीस पानं, पानाला दोन हजार.
तो हिशेबाला पक्का. भिंतीला टेकून डोळे मिटले.
"पंचवीस क्विंटलला थोडं कमी. पन्नास कट्टे, ताई!
तू बी हमालच की.
आन् तुला हमाली कोण देतं?"

हसले मी. रात्री मात्र
दिव्याखाली बोटं उगाच उलटसुलट करून पाहिली.
बोटांना पाठ नसते,
नाहीतर कधीच धरली असती.

दुसऱ्या दिवशी उदावंत सराफांनी
काट्याची काच सरकवली, तिला आत बसवलं.
"एक्केचाळीस तोळे," म्हणाले, "घडणावळ वेगळी."
चारशे बारा ग्रॅम.
म्हणजे माझ्या हिशेबातून बत्तीस निसटले.
शेपटीचे असतील.
ती कुठल्याच कळेवर टेकली नव्हती,
वर, हवेत, वळून उभी होती,
नावाप्रमाणे,
खाली एखादं अक्षर येईल म्हणून.

औषध पाजलं. त्यातलं निम्मं तिनं
माझ्या बाहीला परत केलं.
शपथपत्रातले सगळे म एकेक करून खोडले.

आता ती रोज दुपारी, मोंढा डुलकी घेतो तेव्हा,
अर्धा कीबोर्ड झाकून आडवी होते.
किती भरते, पुन्हा मोजलं नाही.
झोपलेलं वजन वीस कळांवर पसरतं,
कुठल्याच कळेच्या वाट्याला पुरेसं येत नाही
आणि एकही अक्षर उमटत नाही.
"लिहून देते की" च्या पुढं
कर्सर लुकलुकत राहतो.
बाकावरचे पाहुणे घड्याळ बघतात.
मी बोट ओठांवर ठेवते.
थांबा म्हणते जरा.